तिसरा डबा

ड्रायव्हर दारापर्यंत आला, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना.

"साहेब, इथूनच बोलतो," तो म्हणाला. दोन्ही हात त्यानं पाठीमागे धरले होते.

भाऊजींनी पुस्तकातून डोकं वर काढलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी हा माणूस त्यांना अजून साहेबच म्हणत होता. दवाखान्यांना किरणोत्सारी औषधं पुरवणाऱ्या कंपनीत ते पॅकिंग विभाग सांभाळायचे, तेव्हापासून औषधांची गाडी हाच चालवायचा.

"अरे, आत ये. परक्यासारखा काय उभा राहतोस?"

"नको. मला लागलंय म्हणतात ते."

"काय लागलंय?" खिडकीपाशी बसलेल्या धाकटीनं विचारलं.

धाकटी म्हणजे भाऊजींची मेहुणी. वय बावन्न, धंदा खासगी तपासाचा, स्वतःचं ऑफिस, दारावर पाटी. पण या घरात ती जन्माची धाकटीच राहिली होती. सकाळचा चहा ती बहिणीकडे घ्यायची आणि भाऊजींचं वर्तमानपत्र त्यांच्या आधी वाचून काढायची.

ड्रायव्हरनं दारातूनच सांगितलं. काल, सोमवारी सकाळी, त्यानं नेहमीप्रमाणे औषधाचे सहा डबे नेले. नऊ वाजता मोठ्या दवाखान्यात तिसरा डबा उतरवला, तर तिथलं किरणोत्सार मोजणारं यंत्र कडकडायला लागलं. डब्याच्या बाहेरून औषध लागलेलं. गाडीच्या तळाशी तेच, त्याच्या हातांवर तेच. हात तिथल्या तिथे धुऊन दिले, गाडी बंद करून ठेवली आणि मॅनेजरनं कागदावर लिहिलं की ड्रायव्हरनं डबा पाडला.

"पाडलात?" धाकटीनं विचारलं.

"बाई, एकोणीस वर्षं झाली. गेली पंधरा वर्षं सहा पंचवीसला गाडी गेटबाहेर काढतो, एक दिवस चुकलो नाही. पाडला असता तर सांगितलं असतं. उद्या अकराला बैठक आहे. नोकरी जाईल ती जाईल. पण काल घरी सुनेनं माझा कप वेगळा ठेवला. नातू धावत आला, तर तिनं त्याला मागे ओढलं. तिचं तरी काय चुकलं?"

भाऊजींनी खाली बघितलं. धाकटीनं मात्र उठून ड्रायव्हरचा दंड धरला आणि त्याला सरळ आत आणून खुर्चीत बसवलं.

"चहा घ्या. आमच्याकडे सगळे कप सारखेच फुटके आहेत. भाऊजी, चपला घाला. तुमचं जुनं ऑफिस मला दाखवा."

"मी कशाला?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही म्हणून."

*

मॅनेजर तरुण होता आणि घाईत होता.

"सरळ हिशेब आहे," तो म्हणाला. "डबा इथून निघताना स्वच्छ होता, रजिस्टरमध्ये नोंद आहे. तिथे पोचला तेव्हा खराब होता. मधे कोण? ड्रायव्हर. शिवाय डब्याला पोचा पडलाय, डाव्या कोपऱ्यावर. आणखी काय पाहिजे?"

"डबे नवे असतात का?" धाकटीनं विचारलं.

"छे हो. आत शिशाचं भांडं, बाहेर पत्र्याचा डबा. महागाच्या वस्तू आहेत. दवाखाने रिकामे परत पाठवतात, आम्ही पुन्हा भरतो. प्रत्येकावर नंबर असतो. कालचा तिसरा म्हणजे सतरा नंबरचा."

"आणि सोमवारी डब्यांत काय होतं?"

"रोजचंच, सहा तासांचं औषध. सहा तासांत त्याची ताकद निम्मी होते, पुढच्या सहा तासांत निम्म्याची निम्मी. म्हणून तर सगळी धावपळ. फक्त गुरुवारी आयोडीन जातं. त्याला निम्मं व्हायला आठ दिवस लागतात, त्यामुळे ते बिचारं शांत असतं."

"सतरा नंबर मागच्या गुरुवारी कुठे होता?"

मॅनेजरनं त्रासिक चेहऱ्यानं कागद चाळले. "आयोडीन घेऊन बाहेर होता. शुक्रवारी रिकामा परत आला. त्याचा इथे काय संबंध?"

"मलाही माहीत नाही," धाकटी प्रामाणिकपणे म्हणाली.

पॅकिंगच्या खोलीत डबे तपासणारी चेकर होती. पस्तिशीची बाई, केस घट्ट बांधलेले, हातात मोजे. भाऊजींना बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला.

"साहेब! तुम्ही?"

"तुमच्या हाताखाली शिकलेली का ही?" धाकटीनं विचारलं.

"साहेबांनीच मला बोट धरून शिकवलं," चेकर म्हणाली. "मला तर यंत्राची भीती वाटायची. पहिल्या महिन्यात दोनदा रडले होते, तर साहेबांनी स्वतःच्या डब्यातलं खायला दिलं."

काम तिनं करून दाखवलं. डबा बंद झाला की ओल्या कापसाचा बोळा त्याच्या सगळ्या बाजूंवरून फिरवायचा. तो बोळा यंत्रात ठेवायचा आणि पूर्ण पाच मिनिटं मोजायचा. काही लागलेलं नसलं तरी यंत्र चाळीसच्या आसपास दाखवतं. पन्नासच्या पुढे गेलं तर डबा बाजूला.

"यंत्र एकच?"

"एकच."

"सुरुवात किती वाजता?"

"औषध सहाला हातात येतं. भरून, बंद करून, पहिला बोळा सहा दहाला."

धाकटीनं रजिस्टर भाऊजींपुढे सरकवलं. "सोमवारचे आकडे वाचा बरं. माझा चष्मा घरी राहिला."

"चव्वेचाळीस," भाऊजींनी वाचलं. "अडतीस, एक्केचाळीस, एकोणचाळीस, चाळीस. आणि शेवटचा छत्तीस."

वाचता वाचता त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. त्यांनी ते आठवू दिलं नाही. चष्मा काढून ते सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. तोवर धाकटी, चष्मा घरी राहिला असूनही, मागची पानं एकेक करून उलटत होती.

"जुनी रजिस्टरं कुठे असतात? पाच-सहा वर्षांपूर्वीची?"

कपाटापाशी भाऊजीच उभे होते. "ती आता कुठली मिळायला," ते म्हणाले. "रद्दीत गेली असतील."

मोज्याच्या बोटाला पडलेली सुरकुती चेकर सारखी करत राहिली.

*

मोठ्या दवाखान्यातला टेक्निशियन उंच, वाकलेला आणि कमालीचा चिकित्सक होता. भिंतीवरच्या घड्याळाखाली त्यानं दुसरं घड्याळ टांगलं होतं, पहिल्यावर लक्ष ठेवायला.

"डबा पडला असेल का?" धाकटीनं विचारलं.

"पडला असेल की. पण काल नाही. हा पोचा माझ्या ओळखीचा आहे." त्यानं कुलूप उघडून काचेतून डबा दाखवला. पोच्याशेजारी पेनानं तारीख होती, दीड महिन्यापूर्वीची. "मी सगळ्यांवर लिहून ठेवतो. लोक हसतात."

"आतली बाटली?"

"अखंड. सील शाबूत. औषध मापात पूर्ण. पेशंटना दिलंसुद्धा."

"बाटली अखंड, मग बाहेर औषध आलं कुठून?" भाऊजी न राहवून म्हणाले.

"भाऊजी, आज तुम्ही माझ्या पोटावर पाय देणार," धाकटी म्हणाली. मग टेक्निशियनकडे वळली. "तुम्ही बोळा एकदाच मोजलात?"

टेक्निशियन दुखावला. "एकदा? सोमवारी नऊला आठशे. तोच बोळा दुपारी तीनला सातशे पंचाऐंशी. आज सकाळी नऊला सातशे पस्तीस. मॅनेजरला फोन केला होता. तो म्हणाला, खराब म्हणजे खराब, आकडे कशाला मोजत बसता."

धाकटीनं तीन आकडे हातावर लिहून घेतले. परतताना गाडीत ती ते आकडे पुन्हा पुन्हा वाचत होती.

"उद्या यायलाच पाहिजे असं नाही, भाऊजी," ती शेवटी म्हणाली. "ड्रायव्हर सुटेल एवढं माझ्याकडे जमलंय."

तिनं त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. भाऊजींनाही तिच्याकडे बघवलं नाही.

"येतो," ते म्हणाले.

*

बुधवारी अकरा वाजता मॅनेजरच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या. ड्रायव्हर तरीही उभाच राहिला. टेबलावर सोमवारचं रजिस्टर होतं, आणि त्याच्याखाली एक कापडी पाठीचं जुनं रजिस्टर. भाऊजींनी ते लगेच ओळखलं.

"सोमवारच्या डब्यांत सहा तासांचं औषध होतं," धाकटीनं सुरुवात केली. "तेच बाहेर सांडलं असतं, तर नऊचे आठशे तीन वाजता चारशे झाले असते आणि दुसऱ्या सकाळी जेमतेम पन्नास. पण झाले किती?"

"सातशे पस्तीस," टेक्निशियन म्हणाला. "दिवसभरात फार तर आठ टक्के उतरलं. आठ दिवसांचंच हे. आयोडीन!"

"सोमवारी गाडीत आयोडीनचा थेंब नव्हता. मग ड्रायव्हरनं काय सांडलं? बाटली अखंड, पोचा दीड महिन्याचा. पण सतरा नंबरचा डबा गुरुवारी आयोडीन घेऊन गेला आणि शुक्रवारी परत आला. त्या दवाखान्यात थेंब त्याच्यावर उडाला. तीन दिवस तो तुमच्याच कोठीत होता, मॅनेजर. सोमवारी भरला तेव्हाच खराब होता."

मॅनेजर ताठ झाला. "अशक्य. पुसून मोजलाय तो. अडतीस, एक्केचाळीस..."

"सहा डबे, पाच-पाच मिनिटं, यंत्र एक. अर्धा तास लागतो. पहिला बोळा सहा दहाला आणि गाडी सहा पंचवीसला गेटबाहेर, पंधरा वर्षं न चुकता. पंधरा मिनिटांत फार तर दोन-तीन डबे मोजता येतात." तिनं रजिस्टर फिरवून त्याच्यापुढे धरलं. "पहिला आणि शेवटचा आकडा रोज वेगळा आहे. ते दोन डबे खरे मोजलेत. मधले चार बघा. अडतीस, एक्केचाळीस, एकोणचाळीस, चाळीस. कालही तेच, मागच्या आठवड्यातही तेच. मागच्या वर्षीही. तिसरा डबा कुणी मोजलाच नाही."

ड्रायव्हरनं मान वळवून चेकरकडे बघितलं. पाच वर्षं ती रोज सकाळी त्याला "जपून जा हो" म्हणत होती.

"मीच," चेकर म्हणाली. "गाडी उभी असते, वेळ नसतो. माझंच डोकं. मला कुणी सांगितलं नव्हतं."

तिनं टेबलावरची नजर उचलली नाही. भाऊजींकडे तर अजिबात बघितलं नाही.

"आज दुपारपासून कामावर यायचं नाही," मॅनेजर म्हणाला. "पुढचं लेखी कळवू."

धाकटीचा हात खालच्या रजिस्टरवर होता. तिनं ते उघडलं नाही. ती थांबली होती, एवढंच. कशासाठी थांबली होती, हे त्या खोलीत फक्त एका माणसाला कळलं.

भाऊजी उठले. जुनं रजिस्टर त्यांनी तिच्या हाताखालून ओढलं आणि हाताला येईल ते पान उघडलं. स्वतःचं वळणदार अक्षर त्यांना परक्याच्या अक्षरासारखं दिसलं.

"अडतीस," ते म्हणाले. "एक्केचाळीस, एकोणचाळीस, चाळीस. खाली सही माझी आहे."

"साहेब, राहू द्या ना," चेकर पुटपुटली.

"नाही गं. एकदा गाडी उशिरा पोचली होती. औषधातला जोर गेला होता. सात पेशंट उपाशीपोटी बसून परत गेले, त्यात एक लहान मुलगी. मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, टोकाचे दोन मोजू, मधले काय, त्यांच्यासारखेच असणार. आकडे खोटे नव्हते. आदल्या दिवशी खरे मोजून तेच आले होते. मी पुन्हा तेच लिहिले. मग रोज लिहिले. हिला शिकवताना तर मी सांगितलं की अनुभवानं एवढं कळतं. ती मला जुन्या काळचा मोठा माणूस समजत होती. मी तिला खोटं लिहायला शिकवलं, आणि वर डबा उघडून खाऊ घातलं."

"किती वर्षं चाललं हे, तुमच्या वेळी?" मॅनेजरनं विचारलं. आवाजातली घाई गेली होती.

"अकरा."

मॅनेजर मनाशी गुणाकार करत असावा. अर्ध्यातच त्यानं तो सोडला. "घाण झालेला डबा तेव्हा कधी गेला असेल?"

"तेच तर," भाऊजी म्हणाले. "मला माहीत नाही. कधीच कळणार नाही."

मॅनेजरनं ड्रायव्हरचा कागद फाडला. चेकरबद्दल तो म्हणाला की आता एकटीवर ठरवता येणार नाही, साहेबांचा जबाब आधी लेखी पाहिजे. टेक्निशियननं पिशवीतून छोटं यंत्र काढून ड्रायव्हरला हात पुढे करायला सांगितलं. दोनदा मोजलं, सवयीप्रमाणे. यंत्र गप्प होतं.

"सुनबाईंना माझा नंबर द्या," तो म्हणाला. "मी समजावून सांगतो. आकड्यांसकट."

ड्रायव्हर जाताना भाऊजींपाशी थबकला. मग "येतो" एवढंच म्हणून गेला, साहेब म्हणाला नाही.

जिन्यावर धाकटी दोन पायऱ्या पुढे होती.

"तुला कधी कळलं?" भाऊजींनी विचारलं.

"कपाट न उघडताच रजिस्टरं रद्दीत गेली म्हणालात तेव्हा. संध्याकाळी मी परत गेले. तिनं काढून दिलं, आणि हात जोडून म्हणाली, साहेबांचं नाव घेऊ नका."

"मग तू का नाही घेतलंस?"

"ते तुम्ही घ्यायचं होतं." ती थांबली. "काल गाडीत बोलाल असं वाटलं होतं मला. नाही बोललात. मला वाईट वाटलं, भाऊजी. खोटं कशाला सांगू?"

खाली पोचल्यावर त्यांनी विचारलं, "ताईला सांगणार आहेस?"

"मी? मुळीच नाही."

धाकटी घराच्या कोपऱ्यावरच वळली. भाऊजी एकटे दारापाशी आले. किल्ली खिशात होती. त्यांनी ती काढली नाही. घंटी वाजवली आणि पायपुसण्याच्या अलीकडे उभे राहिले.

आतून पावलं आली. बायकोनं दार उघडलं. "किल्ली विसरलात वाटतं? या ना, असे उभे काय?"

"येतो," भाऊजी म्हणाले. "आधी इथेच ऐकून घे. मग आत घ्यायचं का ते तू ठरव."