ताईचे मंगळवार

धाकट्या भावाने उंबऱ्याबाहेरच गुडघे टेकून ताईच्या लुळ्या पायात चप्पल चढवली, तेव्हा तिला मागचं सगळं आठवलं! आईवडिलांमागे शिलाईयंत्र चालवून जिने त्याला लहानाचं मोठं केलं, स्वतःच्या लग्नाचा विचारसुद्धा मनात येऊ दिला नाही, तिनेच सहा वर्षांपूर्वी, हा शिवणाचं दुकान सोडून बसचा ड्रायव्हर झाला म्हणून, या घराची पायरी चढू नकोस असं त्याला सुनावलं होतं... आणि पठ्ठ्याही असा हट्टी, की खरंच चढला नाही! ताईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा कुठे धावत इस्पितळात आला; घराचा उंबरा मात्र त्याने अजून ओलांडला नव्हता.

इस्पितळात एका नव्या गोळीची चाचणी चालू होती, तीत ताईचंही नाव होतं. झटक्याने सुस्तावलेला मेंदू या गोळीने जागा होतो का, हे डॉक्टरीणबाईंना पाहायचं होतं; खरी गोळी कुणाला अन् नुसती साखरेची कुणाला, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. दर मंगळवारी डोक्यावर चुंबकाचं कडं धरायचं, टक् आवाज व्हायचा आणि बोटाचा स्नायू किती हलला ते पडद्यावर उमटायचं. हात मात्र अगदी ढिला सोडायचा, आवळला तर खोटी लाट उठते. लागोपाठ दोनदा काही उमटलं नाही, तर नाव कमी. सोबत घरचं माणूस हवंच, म्हणून धाकटा आपली हक्काची सुट्टी, मंगळवार, ताईपायी घालवत होता.

पहिल्या खेपेला रेघ सरळच राहिली. ताईने मनात हिशेब केला... चाचणी संपली की मंगळवारही संपले! मग ताईने काय करावं? पुढच्या खेपेला बोटात उरलासुरला जीव एकवटून, टक् व्हायच्या आधीच, कुणाला कळणार नाही इतपत ते आवळून धरलं. पडद्यावर लाट उठली. परतताना धाकटा चक्क गुणगुणत होता.

आज डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. असाच गुण दिसला तर ही गोळी आणखी पुष्कळ जणांना देऊन पाहू, म्हणाल्या. दाराशी बाकावर तोंड वाकडं झालेली एक तरुण मुलगी आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. आपल्या खोट्या लाटेपायी हिलाही फुकाची गोळी घ्यावी लागेल, असं ताईच्या मनात आलं.

"बाई, ती लाट खोटी आहे," ताई अडखळत म्हणाली. "मी बोट आवळत होते. माझा भाऊ यायचा थांबेल म्हणून..."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. ती नोंद त्यांनी बाद केली, ताईचा हात आपल्या हाताने सैल करून पुन्हा मोजलं. रेघ सरळ. नाव कमी करताना त्या एवढंच म्हणाल्या, की तुमच्यासारखं खरं सांगणारं माणूस असेल तरच औषधाची पारख होते. केवढं मन ताईचं! भावाच्या भेटीचा एकुलता एक वार तिने परक्या मुलीसाठी सोडून दिला.

धाकटा दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"आता तुझी सुट्टी तुला मोकळी," ताई मान खाली घालून म्हणाली.

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "सहा वर्षं वाट बघतोय गं, तू बोलावशील म्हणून. आणि तू बोट आवळत बसलीस? एकदा तोंडाने बोलाव ना, ताई."

झटक्याने तिची जीभ जड झाली होती. तरी तिने ती नेटाने उचलली.

"घरी ये रे," ती म्हणाली.