घरात माणसं किती?

रेनेल दार उघडून बाहेर आली आणि दुसऱ्याच पावलाला धाडकन बर्फावर बसली. टाकीत पाणी भरायचं तोंड तिच्या घराच्या भिंतीत होतं, त्याखाली सांडलेलं पाणी गोठून गुळगुळीत झालं होतं. हातातला मग गडगडत थेट टँकरच्या चाकापाशी गेला.

"बसलीच आहेस तर सांगून टाक," वरून आवाज आला. "घरात माणसं किती?"

तिनं वर पाहिलं. खांद्यावर जाडजूड नळी, पापण्यांवर गोठलेला श्वास, आणि हसू दाबायचा जराही प्रयत्न न करणारे डोळे. जुना टँकरवाला म्हातारा झाला, त्याच्या जागी सरोवरापलीकडच्या वस्तीतून डेल्विन नावाचा कुणी येतोय, हे तिनं गावच्या रेडिओवर ऐकलं होतं.

"आधी हात देतात," ती म्हणाली. "मग चौकशा करतात."

त्यानं हातमोजा काढून हात दिला. गरम होता तो.

"दिला. आता सांग. माणसं बघून पाणी ठरतं. एकटं माणूस असेल तर आठवड्याला एक फेरी, दोघं असतील तर दोन."

आईला पुरून पंधरवडाही झाला नव्हता. तिचे बूट अजून दाराशी तसेच होते. रेनेलनं तोंड उघडलं, पण 'एक' हा शब्द काही केल्या बाहेर पडेना.

"दोन..." ती म्हणाली, आणि आत जाऊन पोटभर रडली.

पुढच्या खेपेला खरं सांगू, असं तिनं ठरवलं होतं. पुढच्या खेपेला तो तिचा मग धुऊन घेऊन आला, आणि सांगायचं राहून गेलं. मग ते राहातच गेलं.

रेनेल आरोग्य केंद्रात पायांची सेवा करायची. साखरेचा आजार घरोघरी, त्यामुळे गावातला एकेक पाय तिच्या मांडीवर येऊन गेलेला. दिवसभर नखं काप, जखमा बघ, बोटांमध्ये मलम लाव. लोक पाय तिच्या हातात देऊन मनातलं सगळं बोलून मोकळे व्हायचे. तिचं मात्र ऐकायला कुणी नव्हतं. घरी आली की ती आधी रेडिओ लावायची, कपाटातून दोन कप काढायची आणि एक परत ठेवायची.

टँकर यायचा त्या दिवशी तो दुसरा कप बाहेर जायचा.

"आत येऊन पी की. तिसऱ्या घोटाला बर्फ होतोय चहाचा."

"बूट काढावे लागतील." गावात कुणी बुटांनिशी घरात शिरत नसे, आणि डेल्विनच्या बुटांच्या नाड्या चांगल्या गुडघ्यापर्यंत बांधलेल्या. "मी बूट काढले की लवकर घालत नाही, बाई. गाव तहानेनं मरायचं."

"सगळ्या गावाचे पाय पाहिलेत मी. तुझेच तेवढे राहिलेत."

"साखर असलेल्यांचेच बघतेस ना? मला नाही अजून." त्यानं कपाआडून पाहिलं. "तुझ्याशी बोलून बोलून होईल आता..."

ती गोरीमोरी होऊन आत पळाली. पण टाकीचा काटा कधीच निम्म्याखाली येत नाही, हे रात्री दिसलं की तिचं मन तिला खायचं. हे आईच्या वाटचं पाणी. मेलेल्या माणसाच्या नावावर आपण पाणी घेतोय... आणि खरं सांगितलं, तर तो आठवड्यातून एकदाच येईल.

वसंताच्या तोंडाला बर्निस मावशी केंद्रात आली आणि तिनं सुजलेला पाय रेनेलच्या मांडीवर टाकला.

"परवा माझी टाकी खडखडाट! चार नातवंडं, पुरणार कसं? तुझा तो टँकरवाला गुणी आहे गं, पण पाणी आहे तेवढंच."

"माझा कुठला?"

"नखं काप, बोट नको कापूस! बरं, पुढच्या आठवड्यात नळ येतायत. मग तो दक्षिणेला चालला म्हणे, लांबच्या ट्रकवर."

नळ यावेत म्हणून रेनेलनं स्वतः किती बैठका गाजवल्या होत्या. आज सगळं गाव खूश होतं, आणि तिला एकटीलाच रडू येत होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

शेवटच्या फेरीला ती कोट न घालताच बाहेर आली. डेल्विन नळी जोडत होता.

"थांब. भरू नकोस." "एकच आहे. पहिल्या दिवसापासून घरात मी एकटीच आहे, डेल्विन. आई आधीच गेली होती. मावशीच्या नातवंडांच्या तोंडचं पाणी घेतलं मी... तू दोनदा यावास म्हणून."

त्यानं जोडलेली नळी सोडवली, उलटी धरली आणि झटकली.

थेंबसुद्धा पडला नाही.

"तू एकटी आहेस हे पहिल्याच दिवशी संध्याकाळी मावशीनं मला सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या फेरीला मी इथं पाणी कधी सोडलंच नाही. ते मावशीच्याच टाकीत जातं. तरी पुरत नाही, तिची पोरं बदकांसारखी डुंबतात त्यात."

"म्हणजे तू इतके दिवस... कोरडी नळी लावून उभा?"

"चहा मिळत होता ना."

"आणि मला बोलला नाहीस?"

"तू 'दोन' म्हणालीस तेव्हा... तुझा चेहरा बघून मला ते खोटं पाडवेना."

ती हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही.

"आरोग्य केंद्राच्या गाडीला ड्रायव्हर हवाय," ती घाईघाईनं म्हणाली. "डायलिसिसवाल्यांना विनिपेग शहरात न्यायला..."

"हे केंद्राची बाई म्हणून सांगतेस?"

"नाही." तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "तू गेलास तर मला घर खायला उठेल. म्हणून सांगतेय."

डेल्विननं टँकरचं इंजिन बंद केलं. मग उंबऱ्यावर बसला आणि सावकाश नाड्या सोडू लागला.

आईच्या बुटांशेजारी त्याचे बूट उभे राहिले. त्याच्या पायाची दोन बोटं थंडीनं काळवंडली होती. रेनेल त्याला मनसोक्त रागावली, पाणी कोमट करून तिनं त्याचे पाय तसराळ्यात ठेवले, आणि तेवढ्यात फोन वाजला. वस्तीच्या ऑफिसातली बाई होती. नळजोडणीसाठी घरोघर विचारत होती.

"रेनेल, तुझ्याकडे माणसं किती धरू गं?"

रेनेलनं फोनवर हात ठेवला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

"ते विचारतायत... घरात माणसं किती?"

डेल्विननं पाण्यातली बोटं हलवून पाहिली. जाण्याची त्याला काही घाई दिसली नाही.

"पहिल्या दिवशी मला सांगितलंस तेच सांग," तो म्हणाला.