उलट्या पावलांची रोवणी

पहिल्याच दिवशी मी पुढं चालत रोवणी केली आणि अख्खी टोळी पोट धरून हसली.

मी कोरपन्याची, कापसातली पोरगी. कापूस वेचताना माणूस पुढं जातो. धान रोवताना मागं मागं सरकायचं, हे मला आधी कुणी सांगायला नको? माझीच रोपं मी माझ्याच पायांनी तुडवली होती. बांधावरून रोपांच्या पेंढ्या फेकणारा एक उंच पोरगा तेवढा हसला नाही.

"मागं मागं ये," तो म्हणाला. "धानाले तोंड दाखवाचं असते, पाय नाई."

तो खुशाल.

आरमोरीजवळच्या या गावात मी गुणामावशीकडे आले होते, ती रोवणीपुरती. बाबा नाहीत, आईनं अंथरूण धरलेलं. मजुरीचं धान घेऊन परतले तरच आमची चूल पेटणार होती. आणि टोळीची प्रमुख सत्यशीलाबाई म्हणजे लवंगी मिरची! जिची पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, मागं राहील, तिनं घरी बसायचं, असा तिचा नियम.

माझी पात रोज मागं राहायची. त्यात खुशालच्या पेंढ्या नेमक्या माझ्या हाताशी पडायच्या नि चिखल तोंडावर उडायचा. नेम धरून मारतोस का, असं मी चिडून विचारलं, तर म्हणे, नेम चुकला की तोंडाला लागतं. नवल म्हणजे, जेवून परत यावं तर माझी पात सगळ्यांच्या बरोबरीला! हात बसला आपला, असं मी मावशीलाही ऐटीत सांगितलं. कसली शहाणी मी...

पाचव्या दिवशी पाण्याची बाटली विसरले म्हणून जेवता जेवता परतले. पाऊस भुरभुरत होता. खुशाल एकटाच वाकून, मागं सरकत, माझी पात लावत होता. त्याचा डबा बांधावर तसाच बांधलेला. माझे डोळे भरून आले.

"काऊन करून राह्यला हे?"

तो दचकला. मग त्यानं अडखळत सांगितलं, गेल्या साली तो आमच्या कोरपन्याकडे कापूस वेचायला आला होता. हात चालेना. तेव्हा एक अनोळखी बाई मूठ मूठ करून आपला कापूस त्याच्या कमरेला बांधलेल्या ओट्यात टाकायची. तिचं नाव विचारायचंच राहून गेलं.

"म्हंजे... तिच्यापाई?"

"पयल्या दिवशी तिच्यापाई." तो हातातली पेंढी नुसतीच फिरवत राहिला. "मंग... नाई."

मी त्याचा डबा सोडून त्याच्यापुढं ठेवला आणि उरलेली पात स्वतः लावली.

रोवणी संपली की इथं बायका चिखल खेळतात. मालकाला माखतात, नवऱ्याला माखतात. बिनलग्नाच्या पोरीनं मात्र कुणाला चिखल लावायचा नसतो. लावलाच, तर गाव काय ते समजतं. माझ्या धानाचं पोतं बांधून तयार होतं, उद्या सकाळी मी निघणार होते. खुशाल बांधावर उभा होता, मुद्दाम दुसरीकडे बघत...

मी मूठभर चिखल उचलला आणि सगळ्यांदेखत त्याच्या गालाला लावला.

सत्यशीलाबाई पुढं आली. तिनं त्याचा गाल बघितला, मग माझा हात.

"येची रोपं तिरपी लागते, व पोरी," ती म्हणाली. "पयल्याच दिवशी वळखली होती म्या."

आणि तरी तिनं मला घरी बसवलं नव्हतं. मी तिथंच, चिखलाच्या हातांनी, तिच्या पाया पडले.

दुसऱ्या दिवशी पोतं खुशालनं उचललं. माझ्या आईला भेटायचं होतं त्याला... आणि कापूस देणाऱ्या त्या बाईचं नाव विचारायचं होतं.