साहेबांची पांढरी घोडी

विश्वास ठेवा, असं सांगणार नाही. ज्यांनी त्या साहेबांवर जन्मभर विश्वास ठेवला, त्यांचं काय भलं झालं?

पण घडलं ते खरं आहे. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलं, आणि आत्या थापा मारत नाही. तिला तेवढा वेळच नसतो.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना काळोखी रात्र लागते. इथे रात्रबित्र काही नव्हती. दुपार होती. माशा घोंगावणारी, शेकडो माणसांदेखतची दुपार.

आणि जागा म्हणजे साहेबांचं घोड्यांचं फार्म. शहर संपलं की तासाभरावर लागतं.

साहेब कोण, ते विचारू नका. ज्यांच्या पोस्टरवर पांढरी घोडी असायची, ते. छाती पुढे, नजर लांब, हातात लगाम. खाली मोठ्या अक्षरात 'वादळावर स्वार'.

वादळ राहू दे. या माणसाला घोडीवर स्वार होता येत नव्हतं.

आत्याला हे उशिरा कळलं. तोवर साहेब म्हातारपणी, अंथरुणावर, औषधांच्या बाटल्यांच्या गराड्यात वारले होते. मुलाने फार्मचं स्मारक करायचं काढलं. पागेत फोटो, बंगल्यात काचेच्या पेटीत साहेबांचे बूट, आणि अंगणात जिवंत नमुना म्हणून ती पोस्टरवाली घोडी. बाकीचे घोडे त्याने केव्हाच विकून टाकले होते. हिला कुणी घेईना. म्हातारी झालेली, खूर सडायला लागलेले.

तिच्यासाठी आत्याला ठेवलं.

आत्याचा जन्म घोड्यांच्या पायाशी गेला. तिने लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "लाथ खायचीच तर घोड्याची खाईन. तो निदान कारण असल्याशिवाय मारत नाही."

काम साधं होतं. रोज वाकायचं, एकेक पाय उचलून गुडघ्यांत धरायचा, आकड्याने खुरातली घाण काढायची, औषध भरायचं. खाडा करून चालणार नव्हतं.

"उभी राहते तोवर ठेवू," मॅनेजर पहिल्याच दिवशी म्हणाला. "बसली की गाडी बोलवू."

"कुठली गाडी?"

"म्हातारी जनावरं नेतात ती, बाई. सगळं फोडून सांगायला हवं का?"

घोडीने मान लांब करून आत्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. झालं, आत्याचं ठरलं. ही घोडी गाडीत जाणार नाही.

मॅनेजरची अट एकच. घोडी बंगल्याच्या पायरीसमोरच बांधायची. साहेबांचे सगळे फोटो तिथेच निघाले होते. येणाऱ्यांना तीच फ्रेम हवी.

पहिले काही दिवस बरे गेले.

मग एका दुपारी आत्या पुढचा डावा पाय धरून वाकली होती. घोडी एकदम स्तब्ध झाली. शेपूट हलेना. डोळ्यावर माशी बसली, तरी पापणी हलेना.

वास आला... बूटपॉलिशचा.

मग मागे कातडं करकरलं...

आणि आत्याच्या कमरेवर कुणीतरी पाय दिला.

ऐन वेळी घोडी बाजूला सरकली. कमरेवरचं वजन डगमगलं आणि गेलं.

"कोण रे मेल्या?" आत्या ताठ होऊन वळली.

अंगण रिकामं होतं. मॅनेजर कचेरीत तोंड उघडं टाकून झोपला होता.

कंबर लचकली असेल, असं म्हणत ती घरी आली. आईने मलम लावायला तिचा कुडता वर केला आणि वाकून पाहिलं.

"वन्सं, हे काय लागलंय?"

"कुठे काय?"

"टाचेचा वळ आहे. बुटाच्या."

आत्याने कुडता खाली ओढला आणि ती चुलीकडे गेली. 

दुसऱ्या दिवशी ती बंगल्याच्या स्वयंपाकघरात गेली. तिथला म्हातारा आचारी साहेबांच्या वेळेपासूनचा. बटाटे सोलत बसला होता. तिने कमरेला हात लावून बुटाच्या वळाचं सांगितलं, तशी त्याची सुरी थांबली.

"तुम्हालाही का?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"साहेबांना चढताच यायचं नाही हो. मग घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराने खाली वाकायचं. त्याच्या पाठीवर बूट ठेवून साहेब वर. फोटो निघाला की साहेब खाली, पुन्हा त्याच पाठीवरून. घोडी चार पावलं चाललेली मी तरी पाहिली नाही."

"आणि तो मोतद्दार? फोटोत तो कुठेच नाही."

"तो भाग कापायचे. नीट बघा, साहेबांच्या एकाही फोटोत घोडीचे पाय दिसत नाहीत."

आत्याला आठवलं. खरंच दिसत नव्हते.

"नाव काय त्याचं?"

"सगळे पायरीच म्हणायचे. एकदा साहेब वर चढले आणि पायरी खाली बसला तो बसलाच. मणका गेला. साहेबांनी घोडीवरून वाकून पाहिलं आणि काय म्हणाले, माहीत आहे? 'आता मी उतरू कसा?'"

"मग?"

"दुसरा वाकवला. पायरीला गाडीत घालून कुठेसं पाठवलं. मेला म्हणे, वाटेत."

आचाऱ्याने पुन्हा बटाटा हातात घेतला. आत्याची भीती गेली नाही, पण त्या भीतीवर किळस चढली. "मेला तरी माणसाची खोड जात नाही," ती म्हणाली. "जिवंतपणी लोकांच्या पाठीवर, मेल्यावरही लोकांच्या पाठीवर. स्वतःच्या पायांनी हा बाबा सरणावर तरी गेला का, देव जाणे."

तिने मॅनेजरला सांगितलं, घोडी मागे बांधते. तो म्हणाला, "फ्रेम, बाई, फ्रेम." स्टुलावर बसून पाहिलं, पाय पेलेना. शेवटी वाकणं आलंच. खूर आता कुठे भरून येत होते.

पाय रोज यायचा. आधी एक... मग दोन्ही. रोज थोडा जास्त जड.

आणि रोज, अगदी शेवटच्या क्षणाला, घोडी एक पाऊल बाजूला व्हायची. साहेबांना वर चढता यायचं नाही. त्या दोघींचं जणू ठरलेलंच होतं.

मग उद्घाटनाची दुपार आली.

धाकटे साहेब आले. कडक इस्त्री, काळा चष्मा, मागे लाळघोट्यांची फौज. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. घोडीवर दिखाव्यासाठी साहेबांचं जुनं खोगीर चढवलं होतं.

"वडिलांसारखं वर बसता का?" फोटोग्राफरने विचारलं.

धाकट्या साहेबांनी घोडीकडे पाहिलं. बापाचा वारसा दुसरा काही नसला, तरी हा होता. घोड्याची भीती. "नको," ते म्हणाले. "हल्ली वर बसलेले लोकांना आवडत नाहीत. सेवा करताना दाखव. ए बाई, तो आकडा दे इकडे."

आत्याने आकडा दिला. मग तिला राहवलं नाही.

"साहेब, इथे वाकू नका."

"का?"

एवढ्या माणसांत काय सांगणार? "कमरेला त्रास होतो," ती म्हणाली.

सगळे हसले. फोटोग्राफर म्हणाला, "बाई, फ्रेममध्ये येताय. सरका."

ती सरकली.

घोडी हलू नये म्हणून दोन कार्यकर्त्यांनी दोन्हीकडून तिला गच्च दाबून धरलं. आत्या ओरडली, "सोडा तिला, तिला जागा द्या." कुणी लक्ष दिलं नाही. धाकटे साहेब वाकले. टाळ्या पडल्या.

घोडी स्तब्ध झाली...

पॉलिशचा वास आला. कातडं करकरलं...

धाकट्या साहेबांचा चष्मा पडला. मग गुडघे टेकले, मग तळहात. "कोण आहे रे पाठीवर?" ते कळवळले. "उतर आधी."

लोकांना वाटलं, साहेब बापाच्या भूमीला वंदन करतायत. टाळ्या वाढल्या.

खोगिराची पाय अडकवायची डावी रिकीब लोंबत होती. आत्या तिच्याकडेच बघत होती.

रिकीब ताठ झाली...

घोडीने बाजूला व्हायला जोर लावला, पण दोघांनी तिला आणखी दाबलं. खोगीर एका बाजूला ओढलं गेलं, पुन्हा सरळ झालं. घोडीची पाठ खचली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो आत्याने जन्मात कुठल्या जनावराच्या तोंडून ऐकला नव्हता.

चढला. ज्याला कुणाची ना कुणाची पाठ लागायची, त्याने पोटच्या पोरालाही सोडलं नाही.

धाकटे साहेब अजून सरळ होत नाहीत. भाषणं बसून करतात. डॉक्टर म्हणतात, मणक्यात काही सापडत नाही.

स्मारकाला कुलूप लागलं. मॅनेजर म्हणाला, घोडी नेणार असाल तर न्या, नाहीतर गाडी सांगतो. आत्या तिला चालवत आमच्या घरामागे घेऊन आली. खोगीर तिथेच फेकलं. खूर आता पूर्ण बरे आहेत. आत्या वाकते, तर पाठीवर काही येत नाही.

पण घोडी लोळत नाही.

खोगीर उतरलं की कुठलीही घोडी आधी मातीत लोळते, पाठ मोकळी करते. आत्याने तिच्यासाठी मऊ माती आणून टाकली. घोडी तिथे जाते. गुडघे वाकवायला बघते. थरथरते. आणि तशीच उभी राहते. मातीत तिच्या खुरांचे ठसे इतके खोल उमटतात की रिकाम्या घोडीचे म्हणून कुणी मानणार नाही.

"त्याला उतरता येत नाही," काल रात्री जेवताना आत्या म्हणाली. "पाठ लागते. मी म्हणते, एकदा देऊन टाकते माझी. तिचे हाल बघवत नाहीत."

आईने तिच्याकडे पाहिलं.

"द्याल हो, वन्सं. पण उतरून तो जाणार कुठे? आपल्याच घरात ना?"

आत्याने ताट बाजूला सारलं. नंतर तिने उठून मागचं दार लावून घेतलं.

हे लिहितानाही घोडी बाहेर उभीच आहे. आत्या आजही दोनदा तिच्यापाशी जाऊन आली. कमरेला हात लावून थोडा वेळ थांबली आणि परत आली.