साहेब, कुठे आहात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी त्या खोलीचा विषय काढत नाही. जरा इकडे सरकून बसा, मला मोठ्यानं बोलवत नाही.

मालविमानांच्या धावपट्टीमागे वैमानिकांचं विश्रांतीगृह आहे, तिथला मी राखणदार. ही माणसं रात्रभर खोकी वाहतात आणि दिवसा झोपतात, म्हणून आमच्या खिडक्यांना जाड काळे पडदे. भर दुपारी आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं नाही असा अंधार. चादरी बदलायच्या, चहा करायचा, वेळ झाली की उठवायचं, एवढंच माझं काम. पण उठवणं म्हणजे नुसतं दार वाजवणं नव्हे. दमलेला माणूस झोपेतच "उठलो" म्हणतो आणि कूस बदलतो. म्हणून आमची रीत अशी, की दारातून विचारायचं, "साहेब, कुठे आहात?" रोज नव्या गावी झोपणारी ही माणसं. गाव बरोबर सांगितलं तरच जागी म्हणायची.

एक कॅप्टन होते. मला मामा म्हणायचे. डोळे कायम तांबारलेले, पण थट्टा सुटायची नाही. "मामा, माणसं नेणाऱ्या वैमानिकाला कायद्यानं झोप जास्त, आम्हाला कमी. खोकी काय घाबरून ओरडतात थोडीच!"

कायद्यातलं मला काय कळणार. पण दिसायचं ते दिसत होतं. विमान थांबलं, की ऑफिसवाले विश्रांती सुरू झाली असं धरायचे. मग सह्या करा, गाडीची वाट बघा, आंघोळ उरका, सगळं त्या विश्रांतीतच. पाठ टेकते न टेकते तोच ऑफिसचा फोन.

शेवटच्या दिवशी माझ्या हाकेआधीच ते दारात उभे. "डोळा लागलाच नाही, मामा," एवढंच बोलले. चहाही तसाच राहिला. त्यांचा तरुण सहवैमानिक खाली गाडीत जांभया देत बसला होता. तो याच गावचा, त्यानं आमच्या खोल्यांत कधी पाऊल टाकलं नव्हतं. दोघं गेले. विमान समुद्रावर गेलं आणि तिथेच नाहीसं झालं. काही खोकी तेवढी तरंगत किनाऱ्याला लागली. चौकशीवाल्यांनी सांगितलं, विश्रांती नियमाप्रमाणे दिली होती.

पुढे एका दुपारी कॅप्टनच्या बायको आल्या. साहेबांची एक बॅग खोलीत राहिली होती. जिना चढताना मला म्हणाल्या, "मामा, खरं सांगा. झोपले होते का हो ते?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "घरी आले की जेवता जेवता पेंगायचे. मी चिडायचे… बोलत बसा ना जरा, म्हणायचे."

मी कुलूप काढलं. इतके दिवस बंद असलेली खोली, कुबट वास यायला हवा होता. पण उबदार वास आला, अंगाचा, झोपेचा. आणि अंधारात कोणीतरी घोरत होतं. मधेच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं.

ताईंनी चौकट धरली. "हे… हे त्यांचंच."

दिव्याच्या बटणाकडे माझा हात जाईना.

"मामा, हाक मारा. तुमच्या हाकेनं उठायचे ते. मला एकदाच बोलू द्या… एकदाच."

मी दारातूनच विचारलं, "साहेब… कुठे आहात?"

घोरणं थांबलं. मग झोपेनं जड झालेला आवाज आला, "वरच आहे अजून, मामा… निघायची वेळ झाली?"

ताईंनी तोंडावर हात दाबला. त्या आता बोलतील, रडतील, नावानं हाक मारतील, असं मला वाटलं. एवढ्यासाठीच तर आल्या होत्या. पण त्यांनी डोळे पुसले आणि आजारी लेकराला सांगावं तसं हळू म्हणाल्या, "नाही हो. खूप वेळ आहे अजून. झोपा तुम्ही."

आतून एक सुस्कारा आला. पुन्हा घोरणं लागलं, या वेळी न थांबता, गाढ.

बॅग न घेताच त्या मागे सरल्या. मी दार ओढायला लागलो, आणि तेव्हा मला दुसरं घोरणं ऐकू आलं. हलकं, तरुण माणसाचं. पलंग एकच, पण झोपलेले दोघं होते. आणि त्या दोघांच्या खालून येत होती इंजिनाची एकसारखी घरघर.

दोघंही झोपलेत, मग विमान कोण…

मी दार वाजवायला हात उचलला. ताईंनी तो धरला. "नको मामा," त्या म्हणाल्या. "झोपू द्या."

मी कुलूप घातलं. घरघरीचा सूर तेव्हाच खाली उतरायला लागला होता.

अजूनही दुपारी त्या दाराशी उभं राहिलं, की तो सूर उतरताना ऐकू येतो. रोज आदल्या दिवसापेक्षा जरा खालून. आदळल्याचा आवाज मात्र अजून आलेला नाही.