सोडवणारी

जिनाची, कापसाच्या जिनिंग कारखान्याची, किल्ली रहेमानचाचांकडे असते हे शीलाला माहीत होतं. म्हणून बाभुळगावात उतरल्याबरोबर ती आधी त्यांच्या दारात गेली. तिचा स्वतःचा तांडा तिथून पाऊण तासाच्या पायवाटेवर, पण तिकडे ती गेली नाही. चूक झाली ती इथेच.

एप्रिलची दुपार होती. रहेमानचाचा दारातल्या खाटेवर बसले होते. जिनातले रेचे, म्हणजे सरकीपासून रुई सोडवणारी यंत्रं, त्यांनी तीस वर्षं दुरुस्त केली. जीन बंद पडून तीन हंगाम झाले, कापसाची एक गाडी फाटकातून आत आली नव्हती, तरी दर जुम्म्याला नमाजनंतर ते जाऊन रेच्यांना ग्रीस देऊन येत. सवय, दुसरं काय. चाचांच्या बायकोने, जोहराबीने, आतून पाण्याचा तांब्या आणून दिला.

"घरी जाऊन आली का?" चाचांनी विचारलं.

"नाही चाचा. शूटिंग झालं की जातो. मॅडम गाडीत बसून हायेत."

"तुही माय रामीबाई जाऊन चार महिने झाले. तू आलीच नाही."

"नाटक होतं," शीला म्हणाली. नाटक नव्हतं, ऑपेरा होता. पण तो शब्द त्या दारात उच्चारायची तिला लाज वाटली.

चाचांनी किल्ली हातातच घोळवली. "आतमधी गाशीन त उलसंच गा, हळू. आवाज परत येते तिथं."

"म्हणूनच त मॅडमनं ते जागा धरली."

"तसा नाही. उशिरा येते... अन् आपला नाही येत." त्यांनी किल्ली पुढे केली. "तीस वर्षं कापसानं बायांचे आवाज खाल्ले, पोरी. आता कापूस नाही. भित्ती ओकून राह्यल्या."

म्हातारा बहकला, असं तिने मनाशी म्हटलं आणि किल्ली घेतली.

शीला त्याच जिनात वाढली होती. तिची आई रामीबाई रेच्यांपुढे कापूस टाकायची आणि खडखडाटात गुणगुणायची, आणि समोरची छताएवढी कापसाची गंजी ते गुणगुणणं जागच्या जागी गिळायची. गंजीपलीकडून आईला हाक ऐकू जावी म्हणून पोर पोटातून ओरडायला शिकली. पुढे यवतमाळच्या वसतिगृहात तीच हाक तिकडच्या एका सिस्टरच्या कानावर पडली. सिस्टर परदेशी गाणं शिकलेल्या. ही सोप्रानो आहे, त्या म्हणाल्या. बायकांतला सगळ्यात उंच गळा. मग नागपूर, मग मुंबई. तिथला पहिला धडा असा की गाताना रडायचं नाही. रडलं की गळा मिटतो. रंगमंचावर खुशाल मरा, डोळे कोरडे ठेवा.

शीला हा धडा जरा जास्तच चांगला शिकली. चोविसाव्या वर्षी पहिली मोठी भूमिका मिळाली, आणि रंगीत तालमीच्या दिवशी आई गेल्याचा फोन आला. तिने फोन ठेवला आणि तालीम पूर्ण केली. मग तीन प्रयोग झाले, फुलं आली, पेपरात फोटो आला. रुईची बारीक धूळ छातीत जाऊन जाऊन रामीबाईचा दम गेला होता; शेवटचे दोन महिने लेकीचं नाव घ्यायलाही तिला आवाज फुटत नव्हता. हे शीलाला नंतर कळलं. तिला लाज वाटली. पण टाळ्याही आवडल्या होत्या, खोटं कशाला बोला.

त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात मुंबई-दिल्लीच्या गाड्या फार यायच्या. इथे कर्जापायी माणसं मरत होती आणि तिथून माणसं बघायला येत होती. मुंबईत शीलाचा ऑपेरा बसवणाऱ्या मॅडम त्यांतल्याच, मनाने मात्र वाईट नव्हत्या. इटलीतल्या एका संगीतशाळेत शीलासाठी त्या जिवाचं रान करत होत्या. जागा एकच होती. चित्रफीत पाठवायची, त्यात एक गाणं ऑपेरातलं आणि एक आपल्या मातीतलं. शेवटची तारीख परवाची. ती जागा हुकली तर शीलाच्या वाट्याला मुंबईत लहान मुलांच्या शिकवण्या होत्या, हे दोघींनाही ठाऊक होतं. एकदा रंगभूषेच्या खोलीत मॅडमनी तिला आईचा ढावलो गुणगुणताना ऐकलं होतं. "हाच म्हण," त्या म्हणाल्या होत्या. "रिकाम्या जिनात उभी राहून. कापसाच्या जिल्ह्याचा आक्रोश."

ढावलो म्हणजे बंजारा नवरीचं रडगाणं. सासरी निघताना ती एकेकीच्या गळ्यात पडून सुरात रडते आणि मिठीतली बाई सुरातच उत्तर देते. शीलाच्या तांड्यात लेक लांबून सुतकाच्या घरी आली तरी हाच सूर लागे. त्याला दोन बंधनं होती. मिठी रिकामी ठेवून ढावलो म्हणायचा नाही. शिकवतानासुद्धा म्हाताऱ्या बाया पोरींना घराच्या खांबाला मिठी मारायला लावत. आणि बाजूला एक सोडवणारी हवी. ती वेळ ओळखून दोघींचे हात सोडवते, "पुरे कर, बाई" म्हणते, पाणी पाजते. आपलं आपण कुणालाच थांबता येत नाही. लहानपणी शीलाने हंसाकाकीला विचारलं होतं, मिठी रिकामी ठेवली तर काय होते? काकी भाकरी थापत होती. "कोनी तरी येते गळ्यात," ती म्हणाली होती. "जागा केली की कोनी तरी येतेच."

जिनाचं दार उघडलं तेव्हा आतून गरम, तेलकट वास आला, जुन्या सरकीचा. वरचे पत्रे उन्हाने टकटक वाजत होते. रेचे ओळीने उभे, ग्रीस दिलेले, चकचकीत. बाकी सगळा हॉल मोकळा. शीलाने तो रिकामा कधी पाहिलाच नव्हता, आणि तो इतका मोठा असेल असं तिला वाटलं नव्हतं. यवतमाळात लग्नांची शूटिंग करणारा शाहिद कानाला हेडफोन लावून कॅमेऱ्यामागे उभा राहिला. काळा लांब पोशाख घालून शीलाने आधी ऑपेरातलं गाणं म्हटलं. सुरेख झालं. आवाज वर गेला, पत्र्यावरून फिरला आणि तिच्याकडे परत आला. तिचाच होता. तिला चाचांची गंमत वाटली.

मग ढावलोसाठी ती खांबाकडे सरकली.

"खांब नको गं," मॅडम म्हणाल्या. "चेहरा झाकतो. मध्ये ये. हात पुढे पसर, असे... रिकामे. तेच तर हवंय आपल्याला."

शीला घुटमळली. सांगावं का? काय सांगणार होती? इटलीला निघालेली मुलगी खांबाला मिठी मारल्याशिवाय गात नाही, हे? तिला परवाची तारीख आठवली. ती हॉलच्या मधोमध आली आणि तिने हात पसरले.

"याडी, दार लावू नको... मी अजून अंगणात आहे..."

याडी म्हणजे आई. रामीबाईने स्वतःच्या लग्नात स्वतःच्या आईच्या गळ्यात म्हटलेली ओळ. शीलाने ती शिकवल्याप्रमाणे म्हटली. गळा उघडा, श्वास खाली, डोळे कोरडे. आवाज वर गेला. परत आला नाही. समोर गंजी असावी तसा तो मधेच कुठेतरी मुरला.

तिने दुसऱ्यांदा म्हटलं. पत्र्यांचं टकटकणं थांबलं होतं. सरकीच्या वासात आता दुसरा वास मिसळला, मिश्रीचा आणि घामट ओढणीचा. आणि मग, तिची ओळ संपायच्या आत, अगदी कानाशी, खोकल्याने फाटलेल्या सुरात उत्तर आलं.

"दार कुठं लावलं बाई... तूच आली नाही..."

पसरलेल्या हातांत वजन आलं. फार नाही. आजारी बाईचं असतं तेवढं. मानेभोवती दोन हात आवळले आणि डाव्या खांद्यावर कपाळ टेकलं. शीलाला ओरडायचं होतं, पण तोंडातून सूरच निघत होता, पुढची ओळ, तिच्या पुढची, ज्या ओळी तिला येतही नव्हत्या त्यासुद्धा. तिने मॅडमकडे पाहिलं. पुरे म्हणा, ती डोळ्यांनी विनवत होती. एवढा एकच शब्द. पुरे.

मॅडमच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "थांबू नकोस..." त्या कुजबुजल्या. "अजून... अजून..."

कॅमेऱ्यातली टेप संपून खट्ट आवाज झाला तेव्हा गाणं थांबलं. मिठी सुटली नाही.

शाहिदने हेडफोन काढला. त्याचा चेहरा उतरला होता. "दीदी, दुसरी बाई कुठी गेली?"

"कोणती?" मॅडमनी विचारलं.

"जे खोकलत होती..."

"घुमतो रे आवाज इथे," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या आणि शीलाच्या पोशाखावरून हात फिरवू लागल्या. मानेभोवती, दोन्ही खांद्यांवरून मागे, पांढऱ्या रुईचे दोन पट्टे बसले होते. झटकून निघेनात. तीन हंगाम त्या जिनात बोटभर कापूस आला नव्हता.

दिवस मावळायच्या आधी शीला तांड्यावर पोचली. बायका दाराशी जमल्याच होत्या. हंसाकाकी पदर डोक्यावर घेऊन, हात पसरून पुढे आली, सूर लावायला तिने तोंडही उघडलं, आणि हातभर अंतरावर थांबली. बराच वेळ ती शीलाच्या डाव्या खांद्याकडे बघत राहिली.

"पुरे कर, रामी," ती हळूच म्हणाली. "सोड तिले. पोर हाये."

कुठेतरी शेळी ओरडली. काकीने वाट पाहिली, मग पसरलेले हात खाली घेतले.

"नाही सोडत."

"काकी, तू तरी सोडव मले..." शीला म्हणाली. तिला तेव्हा खरंच रडायचं होतं आणि रडू येत नव्हतं.

"चार महिन्यांआधी आली असती त मीच धरलं असतं तुले, अन् शेजारच्या रूपसिंगच्या मायनं सोडवलं असतं. आता मी कुठी धरू? जागा कुठी ठेवली तू?" काकीच्या आवाजात राग नव्हता, तेच शीलाला सोसवलं नाही. काकीने पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला. जरा विचार करून शेजारी दुसरा ठेवला.

जूनमध्ये मुंबईत इटलीचं पत्र आलं. निवड झाली होती. दुसऱ्या गीतातल्या दोन आवाजांनी परीक्षक हेलावून गेले, असं त्यात लिहिलं होतं; वयस्कर गायिकेचं नाव सोबतच्या अर्जात भरावं, प्रवासाची सोय दोघींचीही होऊ शकेल. मॅडम फोनवर हसत सुटल्या. अर्ज चुकीचा आलाय, म्हणाल्या, ती ओळ रिकामी सोड.

रिकामी सोडायची शीलाची हिंमत झाली नाही. मुंबईच्या वसतिगृहातल्या खोलीत दुपारी एकटीच बसून तिने त्या ओळीवर लिहिलं, रामीबाई. अक्षरं वाळायच्या आत मानेभोवतीची मिठी सैल झाली, श्वास घेण्यापुरती. तेवढ्याने तिचे डोळे भरून आले, चार महिने आणि वर दोन महिन्यांचं सगळं एकदम, आणि पहिल्या धड्यात सांगितलं होतं तसाच गळा मिटला. तोंड दाबून ती हुंदके देत राहिली.

सूर मात्र चालूच होता. खोलीभर, उंच, स्वच्छ, आता खोकला नसलेला. शेजारच्या खोलीतल्या मुलीने भिंतीवर टकटक केलं.

"थांबू नकोस गं," ती पलीकडून म्हणाली. "छान चाललंय."