डाव्या हाताची बोटं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक जागा बघा. मोठ्या छपराखाली साठ मीटरची सरळ धावपट्टी आहे. तिच्या टोकाला भिंतीशी जाडजूड गाद्या उभ्या केल्यात, कारण इतक्या वेगाने येणाऱ्या माणसाला थांबायला पुढे जागाच नसते. बाहेर, स्वीडनमधल्या योटेबोर्ग शहरावर, मार्च महिन्यातलं ओलं बर्फ पडतंय. आणि आत, चौथ्या पट्टीवर, सिग्ने नावाची एक तरुण पंच गुडघे टेकून धावपटूंचे पाय रेटायचे ब्लॉक तपासतेय.

"अहो, ती माझी पट्टी आहे," मागून आवाज आला.

सिग्नेने वळून पाहिलं. एक उंच माणूस उभा होता, आणि त्याचं बोट धरून सातेक वर्षांची मुलगी.

"दुपारी तुमची. सकाळी माझी," सिग्ने म्हणाली. "तुम्ही आल्वार ना? यादीत नाव वाचलंय."

"यादीत मी बरा दिसतो म्हणतात."

"यादीत फक्त वय असतं. तेहतीस."

मुलगी खुदकन हसली. "बाबा म्हातारा झालाय. ही त्याची शेवटची स्पर्धा."

"एम्बला!" तो दटावून म्हणाला, पण त्याचं हसू थोडं उतरलं. "खरंय म्हणा. अकरा वर्षं झाली... युरोपच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत एकदाही पोचलो नाही. आज उपांत्य फेरी. झालं तर आज, नाहीतर नाहीच."

सिग्ने पुन्हा ब्लॉककडे वळली. "मी तुमच्या मागेच उभी असेन," ती हळूच म्हणाली. "कुणी आधी सुटलं की बाद करायचं लाल कार्ड माझ्या हातात."

"मागे उभ्या राहून काय बघता?"

"टाचा... बोटं."

"एवढंच?"

"एवढंच बघायचे पैसे मिळतात," ती म्हणाली — आणि तो असा मोकळा हसला, की पुढचे दोन ब्लॉक तिला पुन्हा तपासावे लागले.

दुपारी आठ जण रांगेत वाकले. हजारो माणसांचं स्टेडियम चिडीचूप झालं. शर्यत सोडायचं पिस्तूल धरलेल्या बेर्तिलने "सेट" म्हटलं, आठ पाठी वर उचलल्या, आणि सिग्नेला ते दिसलं. आल्वारच्या डाव्या हाताची बोटं जमिनीवरून सुटली. केसभर. त्या हालचालीने बिचकून शेजारचा, पाचव्या पट्टीतला कारेल झेपावला... धाड! लगेच दुसरा बार झाला, शर्यत थांबली.

ब्लॉकना जोडलेल्या यंत्राने पाचवी पट्टी दाखवली. ब्लॉकवरचा पायाचा रेटा यंत्राला कळतो, हात कळत नाहीत. ते माणसानेच बघायचे असतात. एस्टोनियाचा तो एकोणीस वर्षांचा कारेल डोकं धरून उभा होता. बेर्तिलने पाचवीकडे बोट केलं.

सिग्ने कार्ड घेऊन निघाली. चार पावलं गेली आणि थांबली. नियम साधा होता: ज्याच्या हालचालीने दुसरा बिचकला, बाद तोच.

"बेर्तिल... आधी चौथा हलला."

"यंत्र तसं म्हणत नाही, पोरी."

"हात सुटला त्याचा. डावा. मी पाहिलाय."

"नक्की?"

"नक्की."

मग ती आल्वारसमोर जाऊन उभी राहिली. तिने लाल कार्ड वर धरलं.

"खरंच?" त्याने विचारलं. "मला... कळलंच नाही."

"बोटं सुटली तुमची."

वर गॅलरीत स्वीडिश प्रेक्षक आपल्या माणसासाठी ओरडत होते. तो भांडू शकला असता, सगळं स्टेडियम त्याच्या बाजूचं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही पाहिलंत ना? मग सुटली असतील."

कारेलच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "पळ रे, आता घाबरू नकोस," आणि एकटाच पट्टीवरून चालत निघून गेला.

काम संपल्यावर सिग्नेने त्याला शोधलं. सरावाच्या रिकाम्या जागेत एका बाकावर तो आणि एम्बला बसले होते. मुलीचे डोळे सुजले होते.

"मी माफी मागायला आले नाही," सिग्ने उभ्याउभ्याच म्हणाली. "चूक माझी नव्हती."

"माहीत आहे."

"पण मला फार वाईट वाटतंय. सकाळी भेटलेल्या माणसासाठी... इतकं वाटू नये."

आल्वार बुटाची नाडी सोडू लागला. "अकरा वर्षं सगळे मला समजावत आले. नशीब नव्हतं, थोडक्यात हुकलं. तोंडावर खरं सांगणारी तू पहिलीच."

"'तू' म्हणालात मला."

"निघून गेलं तोंडातून. पुन्हा अहो-जाहो करू?"

"नको," ती म्हणाली.

"तूच दाखवलंस ना बाबाला लाल कार्ड?" एम्बलाने मध्येच विचारलं.

"हो. मीच."

एम्बला तिच्याकडे रोखून बघत राहिली. राग अजून पुरता गेला नव्हता. मग तिने बाबाची जड बॅग ओढून आपल्या मांडीवर घेतली, बाकाच्या अगदी टोकाला सरकली, आणि बाबाच्या शेजारची जागा मोकळी केली.